वायव्येचा लाल ठिपका

थेल्मा नॅनकिवेलच्या फ्रूटकेकची कृती पोर्ट हॅलरी या समुद्रकाठच्या गावातल्या सात-आठ बायकांकडे आहे, आणि त्यातली एकही दुसरीशी जुळत नाही. कोणाच्या कागदावर जायफळच नाही, कोणाकडे मनुका भिजवायचा वेळ निम्मा लिहिलेला. जिने मागितली तिला थेल्माने हसून कृती दिली आणि देताना त्यातली एक गोष्ट गाळली. चर्चच्या जत्रेत दरवर्षी पहिला नंबर तिच्याच केकला मिळायचा. "थेल्माच्या हाताला चवच वेगळी," असं बायका म्हणायच्या, आणि थेल्मा उरलेला केक झाकून घरी न्यायची.

बाई जन्मजात संशयी, असं गाव म्हणतं. ते अर्धंच खरं आहे. लग्नाआधी अकरा वर्षं ती पोस्टाच्या मागच्या खोलीत टेलिफोन एक्सचेंजवर बसायची. गावातला प्रत्येक फोन तिने हाताने जोडून द्यायचा आणि, आता लपवायचं कशाला, ऐकायचाही. रविवारी पोट दुखतं म्हणून चर्च चुकवणारा माणूस तासाभरात कोणत्या घोड्यावर किती लावायचे ते सांगायला फोन करायचा. बहिणीला "तुझ्याशिवाय करमत नाही गं" म्हणणारी बाई पाचच मिनिटांत मैत्रिणीला "गेली एकदाची" म्हणायची. पंधराव्या वर्षापासून हे ऐकत बसलं तर कोणाच्याही मनात पाल चुकचुकायला लागेल. थेल्माच्या मनातली पाल त्यानंतर कधी गप्प बसली नाही. दुधाच्या बाटलीवर पेन्सिलची रेघ, वीज मोजायला येणाऱ्याच्या मागे मागे फिरणं, फोन वाजला तर आधी समोरच्याला बोलू देणं, हे सगळं तिथूनच आलेलं.

अपवाद एकाच माणसाचा होता. वॉली नॅनकिवेल. अकरा वर्षांत वॉलीने केलेले सगळे फोन तिने ऐकले होते. तो समोर जे बोलायचा तेच पाठीमागे बोलायचा. कोणाची निंदा नाही, थापा नाहीत, आईशीसुद्धा गोड आवाजात. असा दुसरा माणूस अख्ख्या द्वीपकल्पावर नाही हे तिने कानांनी पारखून घेतलं होतं, आणि वॉलीने लग्नाचं विचारलं तेव्हा तिला विचार करायलाही वेळ लागला नाही.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी वॉली तिला होडीत बसवून आखातात घेऊन गेला. एका जागी त्याने इंजिन बंद केलं आणि मागे किनाऱ्याकडे बघायला सांगितलं. गहू साठवायच्या उंच सायलोंमधला मधला सायलो टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीच्या बरोबर पुढे आलेला, आणि जेटीचं टोक किनाऱ्यावरच्या एकट्या पाइनला टेकलेलं. या दोन खुणा जुळल्या की होडीखाली खडक, आणि खडकाभोवती व्हायटिंग. आपल्याकडच्या मुडदुशीची ही थोरली बहीण, हातभर लांब आणि चवीला तिच्याहून सरस.

"ही जागा मी एकट्याने शोधली," वॉली म्हणाला होता. "जगात कोणाला माहीत नाही. आजपासून दोघांना."

थेल्माला लग्नात अंगठीही मिळाली होती, पण कोणी विचारलं असतं तर तिने ही जागाच दाखवली असती. म्हणजे दाखवली नसती, तोच तर मुद्दा. पोर्ट हॅलरीत माणूस बायकोचं वय सांगेल, शेतीचं उत्पन्न सांगेल, पण मासळीची जागा सांगणार नाही. दुसरी होडी दिसली की खरी जागा सोडून भलत्याच ठिकाणी गळ टाकून बसायचं, ही तिथली रीतच. पाहुणा बरोबर असेल तर नॅनकिवेल नवरा-बायको त्याच्या डोळ्यांवर भांडी पुसायचा टॉवेल बांधायचे. दीपगृहाचं चित्र असलेला तो टॉवेल होडीतच असायचा. दर नाताळात वॉलीचा जिवलग दोस्त क्लॅरी ट्रेझाइज त्यांच्याबरोबर यायचा आणि मुकाट्याने टॉवेल बांधून पुढच्या फळीवर बसायचा. थेल्मा गाठ दोनदा तपासायची.

वॉलीला जाऊन सहा वर्षं झाली होती. थेल्मा एकाहत्तरची, तरी आठवड्यातून दोनदा जुन्या ट्रॅक्टरने होडी वाळूवरून पाण्यात ढकलायची आणि एकटी जायची. क्लॅरी तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, दोन घरं सोडून राहायचा. तिच्या इंजिनची देखभाल तो करायचा. थेल्मा परत आली की कुंपणाच्या खांबावर लाल बादली उपडी घालायची. क्लॅरी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती बघायचा आणि मग जेवायला बसायचा. यावर दोघं कधी बोलले नव्हते.

मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू धरायला लागला. सायलो आणि टाकी वेगळी दिसेनात. अॅडलेडहून तिच्या मुलीने, ग्लेनिसने, हातात मावेल एवढं जीपीएस पाठवलं, वर एका कागदावर मोठ्या अक्षरांत सूचना. पडद्याच्या मधोमध काळा बाण म्हणजे आपली होडी, आणि आपण सरकलो की खालचा नकाशा सरकतो. ग्लेनिस स्वतः येऊन एकदा सगळं लावून गेली. "आई, ही दोन बटणं सोडून कशाला हात लावू नकोस." थेल्माने लावला नाही. तिने आपल्या जागेची खूण त्यात साठवली आणि ते यंत्र पिठाच्या डब्यात लपवून ठेवायला लागली. मोबाइल ती घरीच ठेवायची. तो खिशात असला की आपण कुठे आहोत ते कोणालाही कळतं, असं तिने ऐकलं होतं.

ऑक्टोबरात एका सकाळी, खडकावर नांगर टाकल्यावर, तिला पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लाल ठिपका दिसला. टाचणीच्या टोकाएवढा. तिने पदरमोड करून घेतलेला चष्मा पुसला, पडदा पुसला. ठिपका तिथेच. वायव्येला, अंदाजे तीन किलोमीटरवर, आखातातल्या बेटाच्या अलीकडे. तिने तिकडे पाहिलं तर नुसता उजेड आणि झाकोळ.

महिन्याभरापूर्वीच समुद्र-बचाव पथकाची मोठी बोट लोकांना बघायला ठेवली होती, तेव्हा तिने तिथला पडदा नीट पाहून घेतला होता. त्यावर आसपासच्या बोटी ठिपक्यांसारख्या दिसत होत्या. हा ठिपका म्हणजे काय, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

तिने नांगर काढला आणि दक्षिणेला सहा किलोमीटर गेली, जिथे शेवाळाशिवाय काही नाही अशा ठिकाणी. पडद्यावर पाहिलं. ठिपका वायव्येलाच, तीन किलोमीटरवर. ती थांबली तेव्हा तोही थांबला होता. तिने पुन्हा पूर्वेला वळण घेतलं. तोही वळला.  एवढ्या तंतोतंत पाठलाग करायचा म्हणजे समुद्र ओळखणारा माणूस पाहिजे, आणि बेटापाशी खेकड्यांचे पिंजरे टाकणारा एकच माणूस होता.

त्या दुपारी क्लॅरी नेहमीप्रमाणे तिच्या फाटकाशी आला. "कशी होती मासळी?"

"तुला जास्त माहीत."

"मला? मला कसं माहीत?"

"बेटाकडे होतास ना सकाळी?"

"नाही बुवा. दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो."

थेल्माने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "क्लॅरी, तुला कवळी आहे. कवळीवाला माणूस दाताच्या डॉक्टरकडे कशाला जातो?"

"कवळीच मोडली, म्हणून!" त्याने तोंड उघडून दाखवायला सुरुवात केली.

"झाक ते," ती म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर सात-आठ वेळा ती गेली आणि दर वेळी ठिपका होता. तिने वेळ बदलून पाहिली, वार बदलून पाहिला. एकदा मुद्दाम क्लॅरीला सांगितलं की उद्या जाणार नाही, आणि गेली. ठिपका आधीच येऊन बसलेला! म्हणजे तो तिच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवत होता. तिने मग मागचं सगळं उकरून काढलं. वॉली गेल्यावर हा माणूस न बोलावता इंजिन दुरुस्त करायला का येतो? इंजिनला हात लावायच्या निमित्ताने पिठाच्या डब्यापर्यंत तर जात नाही? बादलीकडे का बघतो? ती परत कधी येते ते कळलं की कुठवर गेली याचा हिशोब सोपा. जी बादली ती सहा वर्षं विश्वासाने घालत होती, ती तिने कोठीत टाकली. इंजिनच्या झाकणाला तिने कुलूप घातलं.

क्लॅरीने कुलूप एकदा ओढून पाहिलं. "थेल्मा, इंधनाच्या गाळणीत पाणी साठतं. महिन्याला काढावं लागतं."

"मी काढीन."

"तुला ती कुठे आहे ते तरी माहीत आहे का?"

"आणि तुला माझ्या गाळणीची एवढी काळजी का, ते मला माहीत नाही असं वाटतं का तुला?"

क्लॅरीच्या तोंडात मारल्यासारखं झालं. त्याने टोपी घातली आणि गेला. पन्नास वर्षांची ओळख अशी एका कुलपावर संपली. त्या संध्याकाळी थेल्माने स्वतःसाठी चहा केला आणि सवयीने दोन कप मांडले. मग एक उचलून ठेवला. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण संशय खरा ठरल्याचं एक समाधानही असतं, आणि त्या दिवशी तिने तेवढ्यावर भागवलं.

ग्लेनिसला मात्र तिने फोनवर विचारलं, आडून आडून. "या यंत्रात दुसऱ्यांच्या होड्या दिसतात ना?"

"नाही आई. त्यात फक्त तू दिसतेस."

म्हणजे मुलगीसुद्धा क्लॅरीच्या बाजूने बोलत होती. नाताळचं कार्ड दरवर्षी पाठवतो तो तिला.

डिसेंबरातल्या, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यातल्या, एका मंगळवारी ती खडकावर होती. मासळी लागत होती, ठिपका आपल्या जागी होता, आणि अकराच्या सुमाराला उत्तरेचा गरम वारा सुटला. पेरणीच्या जमिनीवरची धूळ घेऊन तो आखातावर आला, आणि अर्ध्या तासात किनारा नाहीसा झाला. सायलो नाही, टाकी नाही, पाइन नाही. थेल्माने नांगर काढायच्या आधी इंजिन चालू केलं. ते दोनदा खोकलं आणि बंद पडलं. तिने कुलूप उघडून आत पाहिलं. गाळणी कुठे होती ते तिला खरोखरच माहीत नव्हतं.

तिच्याकडे नारिंगी धुराच्या दोन नळ्या होत्या. पेटवल्या असत्या तर जेटीवरून कोणीतरी पाहिल्या असत्या, निदान वारा पडल्यावर. रेडिओही होता, वॉलीचा. कोणत्याही शहाण्या माणसाने नांगर घट्ट धरून ठेवला असता, रेडिओवर आपला ठावठिकाणा सांगितला असता आणि वाट पाहिली असती. पण पोर्ट हॅलरीच्या माणसाला हे शहाणपण सुचत नाही. ठावठिकाणा सांगायचा म्हणजे अख्ख्या आखाताला ऐकवायचा. धूर करायचा म्हणजे बचाव पथकाची मोठी बोट येणार, तिच्या पडद्यावर जागेची खूण होणार, आणि पुढच्या रविवारी तिच्या खडकावर दहा होड्या. थेल्माने थर्मासमधला एक घोट घेतला, विचार केला, आणि नांगर वर ओढला.

तिचा बेत साधा होता. वाऱ्याबरोबर अर्धा तास वाहत जायचं, जागेपासून लांब, आणि मग धूर करायचा. तोपर्यंत ती कुठून आली याचा कोणाला थांग लागणार नाही.

होडी वाहायला लागली, पण तिला वाटली होती त्याच्या दुप्पट वेगाने. वारा ईशान्येकडे सरकला होता आणि तिला आखाताच्या तोंडाकडे नेत होता, जिथून पुढे नुसता समुद्र. लाटा काठावरून आत येत होत्या. तिने नांगर पुन्हा टाकला, पण दोराला तळ लागला नाही. तिने पहिली नळी पेटवली. नारिंगी धूर धुळीत मिसळला आणि दोन मिनिटांत स्वतःचं नाकही तिला दिसेना. धूर विरला आणि कोणी आलं नाही.

तेव्हा तिने जीपीएसकडे पाहिलं. ठिपका होता. वायव्येला, तीन किलोमीटरवर. ती वाहत होती आणि तोही तिच्याबरोबर वाहत होता.

"ये की मग!" ती ओरडली. "दोन महिने माझ्या मागे लागलास, आता ये!"

ठिपका तसाच. ती एवढ्या लांब वाहत आली, तो केसभरही जवळ आला नाही की लांब गेला नाही. जिवंत माणूस, मग तो कितीही हलकट असो, बाई बुडताना एवढं अंतर राखून बसेल का? पहिल्यांदाच तिला प्रश्न पडला. लाटेने होडी हेलकावली, तिचा ओला अंगठा भलत्याच बटणावर पडला, आणि पडद्यावरचा नकाशा भसकन मोठा झाला. सबंध पडद्यावर आता सगळा मिळून शंभर मीटर समुद्र होता. काळा बाण मधोमध. लाल ठिपका वरच्या डाव्या कोपऱ्यातच, बाणापासून तेवढ्याच अंतरावर. म्हणजे जेमतेम साठ-सत्तर मीटर.

तिने त्या दिशेला पाहिलं. पाणी होतं. पाण्यावर एक गल पक्षी बसला होता, तोही उडून गेला.

थेल्माच्या पायाखाली वाळू नव्हती, नाहीतर ती सरकली असती. कोणी नव्हतंच. ऑक्टोबरपासून कोणीच नव्हतं. एका बिघडलेल्या ठिपक्यापायी तिने बादली कोठीत टाकली होती, आणि आता ती परत आली नाही हे कोणाला कळणार नव्हतं. तिने तरीही हाक मारली. "क्लॅरी!" मग रेडिओ उचलला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि आपली जागा सांगायला लागली, तर त्यात साधी खरखरही नाही. सहा वर्षांत त्याची बॅटरी कोणी भरलीच नव्हती. ती खाली बसली, गुडघ्यांना मिठी मारली आणि रडली. नंतर तिने दुसरी नळी पेटवली.

इंजिनचा आवाज आला तो उलट्या बाजूने, पूर्वेकडून. आधी नुसतीच टोपी दिसली, मग होडी. क्लॅरीने दोर फेकला, तिला आपल्या होडीत घेतलं. त्याने तिला चहा दिला आणि तिच्या खांद्यावर स्वतःचा कोट टाकला.

"तुला कसं कळलं?" थेल्माने विचारलं.

"एक वाजता तुझा ट्रॅक्टर वाळूवरच होता. दीड वाजता होता. पावणेदोनला मी निघालो."

"बादली तर नव्हती."

"नव्हती म्हणून तर रोज ट्रॅक्टर बघायला जेटीपर्यंत चालत जावं लागायचं. गुडघे गेले माझे."

थेल्माने कप खाली ठेवला. संशयाची सवय अशी की बुडता बुडता वाचली तरी सुटत नाही. "पण या धुळीत, एवढ्या समुद्रात, तू नेमका इथे कसा आलास?"

क्लॅरी दोराशी चाळा करत राहिला. "आधी खडकावर गेलो. होकायंत्र धरून, घड्याळ लावून. तू नव्हतीस. मग म्हटलं, ही बाई जागा लपवायला नांगर काढून वाहत गेली असणार. म्हणून वाऱ्याच्या मागे आलो."

"कोणत्या खडकावर?"

"थेल्मा..."

"कोणत्या खडकावर, क्लॅरी?"

"मधला सायलो टाकीपुढे," तो हळूच म्हणाला, "आणि जेटीचं टोक पाइनला."

 "वॉलीने सांगितलं तुला?"

"सांगायचं काय त्यात? आम्ही दोघांनीच शोधली ती. इंजिन बंद पडलं होतं, वाहत वाहत तिथे गेलो, वेळ जात नाही म्हणून गळ टाकले. मग लग्न ठरलं तेव्हा तो माझ्याकडे आला. म्हणाला, माझ्याकडे तिला द्यायला काही नाही, तुझा वाटा मला दे. दिला मी. आणि ही गोष्ट तुला कळू द्यायची नाही अशी शपथ घातली त्याने."

"खोटं! वॉली कधी खोटं बोलला नाही. मी अकरा वर्षं ऐकत होते त्याला."

"अगं, ते त्याला माहीत होतं." क्लॅरीला हसू आवरेना, आणि लगेच ओशाळल्यासारखं झालं. "सगळ्या गावाला माहीत होतं. फोनवर तुझा श्वास ऐकू यायचा. वॉली तर फोन उचलायच्या आधी घसा साफ करायचा आणि मला म्हणायचा, नीट बोल रे, ती ऐकतेय."

थेल्मा धुळीकडे बघत बसली. सगळ्या जगावर संशय घेऊन तिने एकाच माणसाला मोकळं सोडलं होतं, आणि नेमका तोच तिच्याशी खोटं बोलला होता. एकोणचाळीस वर्षं, रोज, प्रेमाने. आणि हा दुसरा समोर बसलेला. डोळ्यांवर टॉवेल बांधून, स्वतःच दिलेल्या जागेवर, दर नाताळात पाहुणा म्हणून जाणारा.

"मी गाठ तपासायचे," ती म्हणाली.

"दोनदा. कान दुखायचे."

"त्या टॉवेलाखेरीज कधी गेलास?"

"कधीच नाही. आज गेलो, तर तू नव्हतीस आणि किनाराही नव्हता."

त्या रात्री ग्लेनिसने यंत्राची पुस्तिका फोनवर वाचून दाखवली. पडद्याचाच एखादा ठिपका एका रंगावर अडकून बसतो, मऊ फडक्याने दाबून चोळला तर कधी कधी सुटतो. नाही सुटला तर? पाचपेक्षा कमी ठिपके असतील तर कंपनी पडदा बदलून देत नाही.

"म्हणजे चौघं मागे लागले तरी चालतं यांना," थेल्मा म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढच्या मंगळवारी तिच्या होडीच्या इंजिनवर कुलूप नव्हतं. सकाळी ती क्लॅरीच्या दाराशी गेली आणि "चल" एवढंच म्हणाली. वाटेत तिने दीपगृहाच्या टॉवेलाने अंगठा दाबून पडदा चोळला. ठिपका गेला नाही. तिने पुन्हा चोळला. नाहीच गेला. मग तिने टॉवेल बाजूला ठेवला, तर क्लॅरीने तो उचलला, पुढच्या फळीवर तिच्याकडे पाठ करून बसला आणि सवयीने डोळ्यांवर बांधला.

"काय करतोस?"

"असू दे. त्याच्याशिवाय मला होडी लागते."

 थेल्माचे डोळे पाणावले होते, त्यातून सायलो अजूनच धूसर दिसत होते. तिने जीपीएसकडे पाहिलं नाही. थोड्या वेळाने क्लॅरीने डोकं जरा वाकडं करून लाटांचा आवाज ऐकला.

"डावीकडे घे. अजून थोडी. आता हळू." मग हात वर केला. "बस."

तिने इंजिन बंद केलं, नांगर टाकला. दोर बरोबर तेवढाच गेला जेवढा दरवेळी जायचा. होडी वाऱ्याला वळून स्थिर झाली.

"काढ तो टॉवेल," ती म्हणाली.

"काढू?"

"काढ. आणि मागे वळून बघ."

गाठ त्याला सुटेना, तेव्हा तिने पुढे जाऊन सोडली. क्लॅरी वळला. हवा स्वच्छ होती. मधला सायलो टाकीपुढे आला होता आणि जेटीचं टोक पाइनला टेकलं होतं. तो नुसता बघत राहिला, तोंड किंचित उघडं, नवी कवळी दिसत होती.

"रंगवलेली टाकी इथून वेगळीच दिसते की," तो अखेर म्हणाला. "आणि इथून पाइन केवढा वाढलेला दिसतो गं, थेल्मा. आम्ही पाहिला तेव्हा एवढासा होता."